अंगावरची गांठ आणि पेशींतील लेख



अंगावर कोठें एखादी गांठ हातास लागली म्हणजे मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक मार्ग धरतो. एक तर 'आवाळूं असेल, त्यांत काय पाहावयाचें?' असें म्हणून तो तिच्याकडे वर्षानुवर्षें दुर्लक्ष करतो. नाहींतर 'हा कर्करोगच' असें समजून त्याच रात्रीपासून त्याची झोंप उडते. या दोन टोंकांच्या मध्यें ज्ञानाची एक वाट आहे व गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ती पुष्कळच प्रशस्त झाली आहे. त्या वाटेनें आपणांस थोडें पुढें न्यावें असा आजच्या भाषणाचा हेतु आहे. मी वैद्य नव्हे. शाळेंत मुलांना गणित व सृष्टिज्ञान शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां मी सांगेन तें औषधोपचार म्हणून नव्हे, विषय समजावा म्हणून, एवढें आरंभींच सांगून ठेवतों.

प्रथम 'मृदु भाग' म्हणजे काय तें पाहूं. हाडें आणि पोटांतील व छातींतील इंद्रियें बाजूस ठेवलीं म्हणजे जें राहतें, म्हणजे स्नायु, चरबी, स्नायूंना हाडांशीं बांधणाऱ्या कंडरा, सांध्यांचें अस्तर, स्नायूंवरचे पातळ पण चिवट पडदे, या सर्वांस वैद्यकांत मृदु भाग म्हणतात. यांपैकीं कशांतही पेशींची फाजील वाढ झाली कीं गांठ दिसूं लागते. हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. सुश्रुतानें निदानस्थानांत ग्रंथि आणि अर्बुद यांचा एकाच अध्यायांत विचार केला आहे. आजचें शास्त्र अर्बुदांचे मुख्यतः दोन वर्ग करतें. जें आपल्या जागीं राहतें तें सौम्य. आणि ज्याच्या पेशी रक्तावाटे दूर जाऊन फुप्फुसांत किंवा यकृतांत नवें ठाणें वसवितात तें मारक. मृदु भागांत सौम्य गांठी मारक गांठींपेक्षां कितीतरी पटींनीं अधिक आढळतात. चरबीचें आवाळूं तर सर्वांच्या परिचयाचेंच आहे. परंतु सौम्य गांठींच्या कित्येक दुर्मिळ जाती आहेत, आणि घोटाळा होतो तो त्यांच्या बाबतींत. कांहीं इतक्या झपाट्यानें वाढतात कीं अनुभवी वैद्यही चपापतो. कांहीं सौम्य म्हणवितात, पण शेजारच्या स्नायूंत शिरून छळ मांडतात. अशा तीन गांठींची हकीकत मी आज सांगणार आहें.

त्यापूर्वीं पेशींतील लेखाविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशींत पित्याकडून आलेलीं २३ व मातेकडून आलेलीं २३ अशीं ४६ गुणसूत्रें असतात. ही संख्या ४६ आहे हें सुद्धां १९५६ सालीं नक्की ठरलें; तोंपर्यंत पुस्तकांतून ४८ असेंच छापीत असत. हीं ४६ गुणसूत्रें म्हणजे एका मोठ्या पोथीचे ४६ खंड आहेत असें समजा. तिची लिपि अवघ्या चार अक्षरांची. तींत सुमारें २०,००० पाठ आहेत, व एकेका पाठांत एखादें प्रथिन कसें बनवावें याची कृति लिहिलेली असते. या पाठालाच आपण जनुक म्हणतों. प्रत्येक पाठाच्या माथ्यावर एक सूचनाही असते: हा पाठ कोणत्या पेशीनें, केव्हां आणि किती जोरानें वाचावा. पोथी सर्वत्र एकच, परंतु चरबीची पेशी आपले पाठ वाचते, स्नायूची आपले वाचते. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात तेव्हां सबंध पोथीची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली कीं चुका आल्याच. पुष्कळशा चुका पेशी आपण होऊनच दुरुस्त करते. क्वचित् एखादी राहून जाते. अर्बुदाचें मूळ गुणसूत्रांतील अशा बिघाडांत असावें हा तर्क थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञानें १९१४ सालींच मांडला होता. तो सिद्ध होण्यास मात्र पुढें अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

या चुका आपल्या विषयापुरत्या दोन प्रकारच्या. एक म्हणजे छापखान्यांत एखादा खिळा चुकावा तशी एका अक्षराची चूक. दुसरी अधिक विलक्षण: दोन निरनिराळ्या खंडांचीं पानें फाटून एकाचा तुकडा दुसऱ्यास चिकटतो. दोहोंचीं उदाहरणें आतां पाहूं.

पहिली गांठ नोड्युलर फॅसिआयटिस या नांवानें ओळखली जाते. बहुधा वीस ते चाळीस वर्षांच्या तरुण माणसाच्या कोंपराखालच्या हातावर, कधीं धडावर किंवा मानेवर ती उठते. कांहीं आठवड्यांतच ती दोनतीन सेंटिमीटरांची होते, थोडी दुखते. तिचा तुकडा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला तर लांबट, टपोऱ्या तंतुपेशींची दाटी दिसते, आणि त्यांतील पुष्कळ पेशी दुभंगण्याच्या अवस्थेंत असतात. वाढीचा वेग आणि हें दृश्य, दोन्ही मिळून मारक सारकोमाचा संशय यावा असेंच तें असतें. १९५५ सालीं कॉनवॉलर, कीस्बी आणि कॅप्लन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांनीं अशा ८ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध करून दाखविलें कीं ही गांठ सारकोमाचें सोंग घेते खरी, पण ती सारकोमा नव्हे. ती ठराविक आकारापलीकडे वाढत नाहीं, दूर पसरत नाहीं, आणि पुष्कळदां आपोआप जिरून जाते. एका हाताचा किंवा जन्माचा प्रश्न ज्या निदानावर अवलंबून, त्या निदानांत हा भेद केवढा मोलाचा आहे हें सांगावयास नको.

मग ही गांठ आहे तरी काय? पुढें अर्धें शतक बहुतेकांचें मत असें होतें कीं हें अर्बुदच नव्हे. एखाद्या लहानशा इजेनंतर जखम भरून काढण्याचा शरीराचा जो उद्योग असतो, तोच येथें मर्यादेबाहेर गेलेला आहे. मत सयुक्तिक दिसत होतें, कारण खरें अर्बुद आपण होऊन नाहींसें कसें होईल? परंतु २०११ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनीं अशा ४८ गांठी तपासल्या, तों त्यांपैकीं ४४ गांठींत एकाच जनुकाची तोडजोड झालेली आढळली. यूएसपी-६ हें तें जनुक १७ व्या गुणसूत्रावर असतें आणि एरवीं शरीराच्या बहुतेक भागांत मुकें असतें. २२ व्या गुणसूत्रावर एमवायएच-९ नांवाचें दुसरें एक जनुक आहे. तें मात्र तंतुपेशींत सदैव मोठ्यानें वाचलें जातें. या गांठीच्या पेशींत दोन्ही गुणसूत्रें तुटून एमवायएच-९ च्या माथ्यावरची 'सतत वाचावें' ही सूचना यूएसपी-६ च्या पाठास येऊन चिकटलेली असते. परिणाम उघड आहे. जो पाठ मिटून ठेवलेला होता तो रात्रंदिवस वाचला जाऊं लागतो आणि पेशी वाढूं लागतात. म्हणजे ही गांठ जखमेची खूण नव्हे, तर एका बिघडलेल्या पेशीच्या वंशाची वाढ आहे, अर्थात् खरें अर्बुद आहे. आणि तरीही तें स्वतःच आटोपतें. संशोधकांनीं त्यास तात्पुरतें अर्बुद असें म्हटलें, आणि अर्बुद म्हणजे अखंड वाढ ही जुनी व्याख्या तेथें सैल करावी लागली.

या यूएसपी-६ ची आणखी एक गंमत आहे. तें जनुक स्वतःच फार पूर्वीं दोन जुन्या जनुकांच्या जोडणीनें जन्मास आलेलें असून मनुष्य व शेपूट नसलेल्या वानरजाती यांखेरीज इतर प्राण्यांत तें सांपडत नाहीं, असें २००३ सालीं दाखविण्यांत आलें. तेव्हां पोथींतील पानांची तोडजोड म्हणजे निव्वळ अनर्थ असेंही म्हणतां येत नाहीं. नवे पाठही तिच्यांतूनच निर्माण झाले आहेत.

येथें एक प्रश्न साहजिक मनांत येईल. गुणसूत्रांची तोडजोड तर कर्करोगांतही होते ना? होते. लहान मुलांच्या हाडांत होणारें ईविंगचें अर्बुद अत्यंत मारक. त्यांत ११ वें व २२ वें गुणसूत्र यांची अदलाबदल झालेली असते. म्हणजे तेंच २२ वें गुणसूत्र एका ठिकाणीं जिवावर उठणाऱ्या रोगांत सांपडतें आणि दुसऱ्या ठिकाणीं आपोआप जिरणाऱ्या गांठींत. यावरून बोध इतकाच कीं 'जनुकांत बदल आढळला' या वाक्यानें घाबरण्याचें कारण नाहीं आणि निश्चिंत होण्याचेंही नाहीं. कोणत्या पाठाला कोणती सूचना चिकटली हें पाहावें लागतें.

दुसरी गांठ सांध्यांच्या अस्तरांत किंवा कंडरांच्या म्यानांत होते. बोटांत झाली तर ती लहान व आटोपशीर असते. पण गुडघ्यांत पसरट रूपानें झाली म्हणजे सांधा सुजतो, आंत वारंवार रक्त उतरतें, जिना चढणें कठीण होतें, आणि कापून काढली तरी ती पुष्कळदां परत येते. आंतील अस्तर रक्तांतल्या लोहामुळें तांबूस-तपकिरी दिसतें. १९४१ सालीं जॅफी, लिख्टेनस्टाइन व सुत्रो यांनीं तिला जें नांव दिलें त्याचा अर्थ सांध्याच्या अस्तराचा दाह असा होतो. म्हणजे तेथेंही 'हें अर्बुद नव्हे, दाह आहे' हीच समजूत होती. या समजुतीला आधारही होता, कारण गांठींतील बहुसंख्य पेशी शरीराच्या नेहमींच्या भक्षकपेशीच असतात.

२००६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं हें कोडें उलगडलें. या गांठींत १ ल्या व २ ऱ्या गुणसूत्रांची तोडजोड झालेली असते, परंतु ती फार थोड्या पेशींत. बाकीच्या पेशींची पोथी शुद्ध असते. त्या थोड्या पेशींत सीएसएफ-१ नांवाच्या प्रथिनाचा पाठ जोरानें वाचला जातो, आणि या प्रथिनाचें काम म्हणजे भक्षकपेशींना बोलावणें. आळींत दोन उनाड मुलें उगाच आरोळी देतात आणि सगळी आळी धांवत येऊन रस्ता अडवून बसते, तसाच हा प्रकार. गर्दी निरपराध आहे. आरोळी देणारे मूठभर आहेत. आतां गर्दी हटवावयाची तर आरोळी ऐकूंच येणार नाहीं अशी तजवीज केली पाहिजे. भक्षकपेशींवर ती हाक ऐकणारा जो कान आहे तो बंद करणारीं औषधें याच विचारांतून निघालीं. त्यांपैकीं पेक्सिडार्टिनिब या औषधाची १२० रुग्णांवर परीक्षा झाली. सुमारें सहा महिन्यांनीं औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३९ जणांची गांठ लक्षांत येण्याइतकी लहान झाली. नुसती नकली गोळी घेणाऱ्यांत एकाचीही झाली नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. मात्र त्यापासून यकृतास गंभीर अपाय होऊं शकतो, म्हणून तें कडक देखरेखीखालींच देतात. त्याच मार्गाचें व्हिमसेल्टिनिब हें दुसरें औषध २०२५ सालीं तेथें मान्य झालें. जी गांठ जीव घेत नाहीं तिच्यासाठीं यकृत धोक्यांत घालावें काय, हा विचार प्रत्येक रुग्णाच्या बाबतींत निराळा करावा लागतो.

तिसऱ्या गांठीचें नांव डेस्मॉइड. ग्लासगोचे मॅकफार्लेन यांनीं १८३२ सालीं तिचें वर्णन केलें व १८३८ सालीं योहानेस म्युलर यांनीं बंध किंवा कंडरा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला हें नांव दिलें. ती खरोखरच कंडरेसारखी घट्ट असते. फार दुर्मिळ, वर्षाकाठीं दहा लाख लोकांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण. तरुण स्त्रियांत, विशेषतः बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतींत, ती आढळते; खांद्यांत, मांडींत किंवा आंतड्यांच्या पडद्यांतही होते. ती दूर पसरत नाहीं म्हणून मारक नव्हे. पण शेजारीं मुळें सोडावीं तशी घुसते, आणि काढली असतां त्याच जागीं पुन्हां उगवण्याची तिला खोड आहे.

येथें चूक आहे ती एका अक्षराची. ३ ऱ्या गुणसूत्रावर बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा पाठ आहे. हें प्रथिन पेशीला 'वाढ' असा हुकूम पोंचवितें. हुकूम पोंचविणारा नेहमीं हजर राहिला तर अनर्थ होईल, म्हणून पेशी त्यावर एक रासायनिक शिक्का मारते आणि शिक्का बसलेला माल मोडीत निघतो. कचेरींत जुने कागद नष्ट करावयाच्या आधीं त्यांवर खूण करतात तसेंच हें. डेस्मॉइडमध्यें बहुधा ४१ व्या किंवा ४५ व्या स्थानीं एक अक्षर बदलतें, आणि ज्या जागेवर शिक्का बसावयाचा ती जागाच नाहींशी होते. मग माल मोडीत निघत नाहीं, सांठत जातो, आणि वाढीचा हुकूम थांबत नाहीं. एवढ्या लांबलचक पोथींत एक अक्षर! मुलांच्या शुद्धलेखनांतील एकेका अक्षराच्या चुकीसाठीं आम्ही शिक्षक मंडळी रागें भरत असूं. पेशीच्या हिशेबीं तो राग अगदींच अनाठायीं नव्हता.

परंतु याच गांठीनें शस्त्रवैद्यांस संयमही शिकविला. पूर्वीं तिला समूळ काढण्यासाठीं मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत. स्नायु जात, हात-पाय अधू होत, आणि गांठ पुन्हां येई. पुढें असें ध्यानांत आलें कीं कित्येक डेस्मॉइड कांहीं काळ वाढून थांबतात, व कांहीं आपोआप ओसरतात. म्हणून तज्ज्ञांच्या मंडळानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत, तातडीचें कारण नसेल तर प्रथम ठराविक अंतरानें तपासणी करीत वाट पाहावी, असाच सल्ला दिला आहे. वाट पाहणें म्हणजे हयगय करणें नव्हे. तोही एक उपचार आहे. ज्यांची गांठ वाढतच जाते त्यांच्यासाठीं निरोगासेस्टॅट हें तोंडानें घ्यावयाचें औषध २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झालें.

आतां घरांघरांशीं ज्याचा संबंध येतो त्या मुद्द्याकडे वळतों. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबांतील मुलीच्या हातावर पहिल्या प्रकारची गांठ उठली. ती काढली, निदान झालें, मुलगी ठणठणीत बरी झाली. परंतु तपासणीच्या कागदावर 'जनुकांत फेरबदल' असे शब्द होते. ठरत आलेल्या लग्नाच्या बोलण्यांत ते शब्द वरपक्षाच्या वाचनांत आले आणि 'हें अनुवंशिक दिसतें, पुढच्या पिढींत येईल' असें म्हणून त्यांनीं बोलणेंच थांबविलें. शिकलेल्या माणसांचा हा समज! जनुक म्हणजे वंशपरंपरा एवढेंच आपण शाळेंत शिकलों, आणि अर्धें शिकलों.

पोथींतील चूक दोन वेळीं होऊं शकते. मातापित्यांकडून आलेल्या मूळ प्रतींतच ती असेल तर शरीरांतील सर्व पेशींत ती उतरते आणि संततीकडेही जाऊं शकते. परंतु जन्मानंतर हाताच्या एका पेशींत नक्कल करतांना झालेली चूक त्या पेशीच्या वंशांतच राहते. ती रक्तांत नसते, गर्भांत नसते, मुलाबाळांकडे जात नाहीं. घरांतल्या एका वहींत शाई सांडली म्हणून छापखान्यांतील मूळ पुस्तक बिघडत नाहीं. वर सांगितलेल्या तीनही गांठींतील बदल बहुतेक सर्व प्रसंगीं या दुसऱ्या प्रकारचे असतात. त्या मुलीच्या गांठीबरोबर तिच्यांतील बदलही शरीराबाहेर गेला होता. ज्या कारणासाठीं लग्न मोडलें तें कारण तिच्या देहांत नव्हतेंच.

याला जो अपवाद आहे तोही सांगितला पाहिजे. थोड्या डेस्मॉइडमध्यें बीटा-कॅटेनिनचा पाठ शुद्ध असतो, आणि दोष ५ व्या गुणसूत्रावरील एपीसी या जनुकांत असतो. मोडीचा शिक्का मारणाऱ्या यंत्रणेचाच तें एक भाग आहे. हा दोष कांहीं घराण्यांत वंशपरंपरेनें चालत येतो, आणि त्या माणसांच्या मोठ्या आंतड्यांत तरुणपणींच शेंकडों मस उठून पुढें त्यांतून कर्करोग होतो. तेव्हां डेस्मॉइडच्या तपासणींत बीटा-कॅटेनिनचा बदल सांपडला तर घराण्याची चिंता बहुतेक मिटते. न सांपडला तर आंतड्यांची दुर्बिणीनें तपासणी व कुटुंबांतील इतरांची विचारपूस करणें जरूर होतें. अशा वेळीं केलेली एक चाचणी भावंडांचे प्राण वांचवूं शकते.

शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी. जी गांठ वाढत आहे, जी पांच सेंटिमीटरांहून मोठी आहे, जी खोल स्नायूंत आहे किंवा दुखते, ती वैद्यास दाखविण्यास विलंब करूं नये. खोल व मोठी गांठ, आधीं चित्र काढल्याशिवाय आणि जाड सुईनें तुकडा घेऊन परीक्षा केल्याशिवाय, घाईनें कापूं देऊं नये. कारण ती मारक निघाली तर अर्धवट शस्त्रक्रियेनें पुढचें काम अवघड होतें, आणि सौम्य निघाली तर कदाचित् कापावयाचीच नव्हती असें ठरतें. तुकड्याचें निदान संशयास्पद वाटल्यास त्याच्या कांचपट्ट्या व मेणांत ठेवलेला भाग मोठ्या संस्थेकडे दुसऱ्या मतासाठीं पाठवितां येतो. तुटलेल्या जनुकांना चकाकणाऱ्या रंगाच्या खुणा लावून तीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची चाचणी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थांत होते. तथापि चाचणी एकटी निकाल देत नाहीं. रुग्णाचें वय, गांठीची जागा, तिचा वेग, पेशींचें रूप आणि जनुकांतील बदल, हीं सर्व एकत्र मांडून तज्ज्ञ निर्णय देतो.

आणि घरीं आलेला तपासणीचा कागद वाचतांना 'जनुक' हा शब्द दिसला, तर पहिला प्रश्न वैद्यास असा विचारावा: हा बदल गांठीपुरता आहे कीं जन्मतः आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाच्याच नव्हे, तर सबंध घराच्या मनाची शांति अवलंबून असते. तो विचारण्याइतकी माहिती आजच्या बोलण्यांतून आपणांस मिळाली असेल अशी आशा बाळगून आपली रजा घेतों.